थेरपीच्या फॉर्मवर कुठली खूण करू?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ३९. राहायला मुलुंडला, नोकरी फोर्टमध्ये एका बँकेत. इतकी वर्षं लेडीज डब्यातून उभ्याने गेले, कधी काही वाटलं नाही. मागच्या वर्षी एका सकाळी जलद गाडीने कुर्ला सोडलं आणि छातीत जोरात धडधडायला लागलं. हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना, वाटलं आता काही आपण वाचत नाही. दादरला बायकांनी उतरवून बाकावर बसवलं. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, साखर सगळं नॉर्मल आलं. तरी पुन्हा दोनदा तसंच झालं. मग मी धीम्या गाडीने जायला लागले, ती दर स्टेशनला थांबते म्हणून. आता तीही नको वाटते. आठवड्यातले निम्मे दिवस कॅबने जाते आणि पगार त्यात संपतो. एका मैत्रिणीने तिची 'अर्धी गोळी' पर्समध्ये ठेवायला दिली आहे, अजून घेतलेली नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, काउन्सेलिंग घ्या. दादरच्या एका केंद्राचा ऑनलाइन फॉर्म उघडला, तर त्यात 'आपणास कोणती थेरपी हवी आहे' असं विचारलेलं. खाली सीबीटी, आरईबीटी, डीबीटी, अ‍ॅक्ट, सायकोडायनॅमिक, ईएमडीआर, कपल, फॅमिली, ग्रुप. मी फॉर्म बंद करून टाकला. मला काय हवंय हे मला कळत असतं तर मी गेले कशाला असते?

आणखी एक. दीड वर्षापूर्वी माझी आई गेली. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी गाडीतच होते. पोचले तोवर सगळं संपलं होतं. याचा आणि त्याचा संबंध असेल का? गोळ्या घ्याव्या लागतील का? चांगला माणूस कसा ओळखायचा? ऑफिसात कळेल का? आणि मिस्टर म्हणतात, नुसतं बोलायचे दीड-दोन हजार? माझ्याशी बोल की. त्यांना काय सांगू?

- एक वाचक, मुलुंड

सप्रेम नमस्कार,

तो रकाना रिकामा ठेवा आणि फॉर्म आजच पाठवून द्या. काही लिहायला जागा असेल तर तीन गोष्टी लिहा: काय होतं, कधीपासून होतंय, आणि त्यामुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच लिहायची विसरतात. पद्धत कुठली वापरायची हे ठरवणं समोरच्याचं काम आहे. आधीच घाबरलेल्या माणसापुढे अशी यादी ठेवून निवड करायला सांगणं मला अजिबात पटत नाही. तुम्ही फॉर्म बंद केलात यात तुमचं काही चुकलं नाही.

पण पहिल्या सेशननंतर 'मला जे हवं ते इथे मिळतंय का' हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. म्हणून या पद्धतींची ओळख करून देते. सगळ्यांची सारखी करून देणार नाही. तुमच्या कामाच्या दोन-तीन आहेत, त्यांच्यावरच जास्त बोलू.

पत्रावरून निदान करता येत नाही, ते प्रत्यक्ष भेटूनच होईल. तरी तुम्ही वर्णन केलंय ते पॅनिक अटॅकशी, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याशी, जुळतं. हृदय आणि थायरॉइड आधी तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत, कारण थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते. आता शरीर ठीक आहे हे माहीत असताना असं का होतं? धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर चालतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ही सगळी पळून जायची तयारी आहे आणि ती त्रासदायक असली तरी घातक नसते. सोसायटीत उभ्या गाडीचा सायरन दिवाळीच्या फटाक्यानेही वाजतो, म्हणून गाडी चोरीला गेलेली नसते. तसा हा सायरन आहे. अडचण पुढे सुरू होते. धडधड जाणवली की 'हा हार्ट अटॅक' असा अर्थ मन लावतं, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पॅनिकचं हे चक्र नीट मांडून दाखवलं आणि आजची उपचारपद्धत बरीचशी त्यावर उभी आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य परत वाचा: 'मी धीम्या गाडीने जायला लागले, ती दर स्टेशनला थांबते म्हणून.' माझ्या मते तुमच्या आजाराचं मूळ आता कुर्ल्याला राहिलेलं नाही, ते या वाक्यात आहे. अटॅक एरवीही काही मिनिटांत टोक गाठतो आणि ओसरतो. पण तुम्ही उतरलात आणि मग बरं वाटलं, म्हणून मेंदूने धडा घेतला की उतरल्यामुळे जीव वाचला. पुढच्या वेळी तो आणखी लवकर उतरायला सांगतो. जलद सुटली, मग धीमी सुटली, मग गाडीच सुटली. उद्या कॅब फ्रीवेवर अडकली की कॅब सुटेल. असं करत बायका घराबाहेर पडेनाशा होतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून तुम्हाला घाई करायला सांगतेय.

यावर सर्वांत भक्कम पुरावा सीबीटीच्या बाजूने आहे. कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर एकत्र काम करणारी पद्धत. अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती नैराश्यासाठी उभी केली, पुढे चिंता, पॅनिक, ओसीडी (मंत्रचळ) यांच्यासाठी तिची वेगवेगळी रूपं तयार झाली. पॅनिकसाठी साधारण ८ ते १५ सेशन्स, आठवड्याला एक, पाऊण ते एक तास. त्यात नुसत्या गप्पा होत नाहीत. पहिल्या एक-दोन भेटींत तुमचं चक्र कागदावर काढलं जातं. मग तुम्हाला एक तक्ता भरायला देतात: कुठे होते, शरीरात काय जाणवलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, शेवटी प्रत्यक्षात काय घडलं. शेवटचा रकाना भरताना बऱ्याच जणांना पहिल्यांदा लक्षात येतं की ज्याची भीती होती ते एकदाही घडलेलं नाही.

खरं काम मात्र पुढचं आहे आणि ते सोपं नाही. खोलीतच तुम्हाला मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतील, किंवा जिना चढ-उतार करायला लावतील. धडधड आली तरी ती आपोआप उतरते, हे तुमच्या शरीराने अनुभवावं म्हणून. दम्याचा, हृदयाचा किंवा गरोदरपणाचा प्रश्न असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारूनच. मग गाडीची पायऱ्यापायऱ्यांनी सवय. तुमच्यासाठी ती अशी असू शकेल: दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने मुलुंड ते विक्रोळी. मग घाटकोपरपर्यंत. मग घाटकोपर ते कुर्ला जलद गाडीने, रविवारी, मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून, नाहीतर जलद गाडी धीम्या मार्गावर वळवलेली असायची आणि सराव फुकट जायचा. मग कुर्ला ते दादर. आणि सगळ्यात शेवटी सकाळची गर्दीची वेळ. प्रत्येक पायरीवर भीती पूर्ण चढून ओसरेपर्यंत थांबायचं, मध्ये उतरायचं नाही. पाण्याची बाटली घट्ट धरणं, दाराजवळच उभं राहणं, बहिणीला सतत फोनवर ठेवणं, या कुबड्याही हळूहळू सोडायच्या असतात. ही शिडी तुम्ही एकटीने चढायला जाऊ नका. मी ती यासाठी लिहिली की, चार-पाच सेशन्स झाले आणि अजून गाडीचं नावही निघालं नाही, तर तुम्ही विचारू शकाल: 'आपण गाडीत बसायचा सराव कधी सुरू करणार?' या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं पाहिजे.

यादीतलं आरईबीटी हे सीबीटीच्याच घराण्यातलं, वयाने थोडं मोठं. अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास ते सुरू केलं. आपल्याकडे त्याची ओळख विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आहे आणि मराठी माणसापर्यंत ते पोचलं याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना जातं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेनेही ते घराघरांत नेलं. तुमच्या शेजारच्या गावात हे काम इतकी वर्षं चाललंय, म्हणून मुलुंड-ठाण्याकडच्या बऱ्याच समुपदेशकांच्या बोलण्यात तुम्हाला आरईबीटी सापडेल. आपल्या मनातली इच्छा हट्टाची मागणी कधी होते, हे ती पद्धत पकडते. 'मला गाडीत त्रास होऊ नये' ही इच्छा. 'मला चारचौघींत कधीही घेरी येता कामाच नये, आली तर मी संपले' ही मागणी. आणि ही मागणी घेऊन गाडीत चढलं की कुर्ल्याच्या आधीच छाती धडधडायला लागते. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती स्वतःशी भांडायची नाही, स्वतःशी नीट वाद घालायची सवय लावते. पण पॅनिकमध्ये नुसत्या वादाने भागत नाही, पाय गाडीत पडावा लागतो. एलिस यांचाही कृतीवर तेवढाच भर होता.

आता आईबद्दल.

तुम्ही हे पत्राच्या शेवटी, 'आणखी एक' म्हणून लिहिलंत. गाडीत असताना फोन आला आणि काही महिन्यांनी गाडीतच पहिला अटॅक आला, हा धागा तुम्हाला दिसला तसा मलाही दिसला. संबंध असू शकतो. पण मी पत्रावरून तसा निवाडा देणार नाही, आणि पहिल्याच भेटीत कुणी 'सगळं आईमुळे आहे' असं सांगितलं तर तुम्हीही लगेच मान डोलावू नका. कारण कळलं म्हणून भीती जाते असं नाही. कारण अचूक सापडलेली आणि तरी वर्षानुवर्षं गाडीत न चढलेली माणसं आहेत. उलट, भीती गेली म्हणजे दुःखाला जागा मिळाली असंही नाही. तुम्ही पोचलात तोवर सगळं संपलं होतं. त्यानंतर तेराव्याचं सामान, बँकेतली रजा, वारसाचे कागद, मुलांच्या परीक्षा, या सगळ्यात तुम्ही रडलात कधी, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ही गोष्ट थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. तीही 'आणखी एक' म्हणून शेवटी नको.

माझं मत विचाराल तर आधी पॅनिकवर काम आणि मग आईवर. रोज नोकरीला जाता येत नसताना खोल दुःखात उतरणं जड जातं. गाडी पुन्हा तुमची झाली की त्याच माणसाबरोबर शोकावर बोलता येईल, किंवा त्यासाठी दुसरं कुणी बघता येईल. तिथे सायकोडायनॅमिक पद्धतीचा उपयोग होऊ शकतो. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून ती आली, आणि आपल्या देशात तिची परंपरा जुनी आहे: कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था उभी केली होती. जुनी नाती, न बोललेला राग, अपराधीपणा आज आपल्याकडून काय करवून घेतात ते ती सावकाश बघते. महिने लागतात, कधी वर्षंही. तिच्यात गृहपाठ नसतो, मुक्कामाचं ठिकाण आधी ठरलेलं नसतं. काहींना हे मोकळेपण हवं असतं. आत्ता, या महिन्यात, तुमच्या गाडीच्या प्रश्नासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

ईएमडीआर हे नाव वाचून तुम्ही सगळ्यात जास्त गोंधळला असाल. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात केली. तीव्र आघाताची आठवण मनात आणायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे डोळे फिरवायचे, अशी काहीशी ती रीत आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आघातानंतरच्या तणावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात तिची शिफारस केली आहे. हॉस्पिटलचा तो फोन तुम्हाला आत्ता घडत असल्यासारखा पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल, स्वप्नात येत असेल, रिंगटोन वाजली तरी दचकायला होत असेल, तर हे जरूर सांगा. तेव्हा तिचा विचार होईल. नसेल तर गरज नाही.

बाकीची नावं भराभर. डीबीटी मार्शा लिनेहन यांनी उभी केली, ती प्रामुख्याने भावनांचा फार मोठा कल्लोळ, स्वतःला इजा करून घेणं अशा त्रासांसाठी. तुमच्या पत्रात तसं काही नाही. अ‍ॅक्टमध्ये त्रासदायक विचाराशी झगडण्यापेक्षा त्याला असू देऊन आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते करत राहायला शिकवतात. पॅनिकला तीही चालते, आणि पुष्कळ थेरपिस्ट सीबीटीत ती मिसळतात. ग्रुपमध्ये तुमच्यासारख्याच सात-आठ जणांबरोबर बसायचं असतं. खर्च कमी येतो, आणि 'हे फक्त मलाच होतं' हा समज लवकर गळतो. यादीत नसलेली एक पद्धत जवळजवळ प्रत्येक चांगल्या थेरपिस्टच्या अंगात असते, ती कार्ल रॉजर्स यांची: समोरच्याला न तोलता ऐकणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि स्वतः खोटं न वागणं. ती पायाभूत आहे, पण पॅनिकसाठी तेवढ्याने पुरत नाही. कुणी तुम्हाला दहा दिवसांच्या मौन शिबिराला इगतपुरीला जा असंही सांगेल. ध्यान चांगलंच आहे, पण दिवसभर आपल्याच श्वासाकडे आणि धडधडीकडे बघत बसणं आत्ता तुम्हाला झेपेल का, हे उपचार करणाऱ्याला विचारल्याशिवाय जाऊ नका.

गोळ्या. कदाचित लागतील, कदाचित नाही. अटॅक वारंवार येत असतील, झोप उडाली असेल, खाणंपिणं सुटलं असेल, जोडीला नैराश्य असेल, तर सायकिअ‍ॅट्रिस्टला भेटणं योग्य. तिथे बहुतेक एसएसआरआय या गटातलं, नैराश्य आणि चिंता कमी करणारं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी मळमळ किंवा बेचैनी वाढते, आणि बंद करताना ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावं लागतं. त्याची नशा होत नाही. औषध आणि सीबीटी बरोबर चालू शकतात, औषध घेणं म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही. पर्समधली ती 'अर्धी गोळी' मात्र मैत्रिणीला परत करा. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी हातोहात दिल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा अल्प्राझोलामसारख्या असतात. त्या पटकन बरं वाटायला लावतात आणि सवयही लावतात. शिवाय गोळी घेऊन केलेल्या प्रवासातून मन एवढंच शिकतं की गोळीने वाचवलं. नुसती पर्समध्ये असली तरी ती कुबडीच आहे.

चांगला माणूस कसा ओळखायचा? सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. थेरपी देणाऱ्यांपैकी औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए असतात. त्यातले अनेक उत्तम काम करतात, पण आपल्याकडे काही आठवड्यांचा कोर्स करूनही पाटी लावता येते, म्हणून तीन प्रश्न विचारा: शिक्षण काय आणि कुठून, पॅनिकच्या किती पेशंट्सबरोबर काम केलंय, आणि तुम्ही स्वतः कुणा वरिष्ठांकडे सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल मार्गदर्शन, घेता का. तिसऱ्या प्रश्नाने जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. 'तीन सेशनमध्ये गॅरंटी' म्हणणारा, डॉक्टरांची औषधं बंद करा सांगणारा, पत्रिका मागणारा, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसणारा, या सगळ्यांपासून लांब राहा. पदवी ठीक असूनही माणसाशी सूर न जुळणं शक्य आहे. उपचाराचं यश बऱ्याच अंशी त्या नात्यावर ठरतं हे संशोधनात वारंवार दिसलंय. तीन-चार भेटींनंतरही मोकळं बोलता येत नसेल तर तसं तोंडावर सांगा. आधी सांगून पाहा, मग बदला.

ऑफिसात कळणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार अशा मोजक्या बाबतींत गुप्तता मोडावी लागते, आणि ते तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. बँकेच्या मेडिक्लेममधून पैसे मागायचे असतील तेवढंच जपा, कागद कुणाच्या टेबलावरून जातो ते आधी विचारा. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच लागू होतात, ओपीडीचं कलम नसेल तर सेशनचे पैसे खिशातूनच जातील.

खर्च परवडत नसेल तर मुंबईत वाटा आहेत. केईएम, सायन, नायर, जे. जे., कूपर या सगळ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. मुलुंडहून तुम्हाला सायन सगळ्यात जवळ. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर तासभर देऊ शकणार नाहीत, पण निदान आणि औषधं नीट होतात, सायकॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगता येतं. देवनारच्या टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) या संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. आणि केंद्र सरकारची टेलीमानस, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. सेशनची तारीख मिळेपर्यंत तिथे बोला. आणि कधी एखाद्या रात्री जगणं नको असं वाटलं, तर तारखेची वाट न बघता त्याच क्षणी हा नंबर लावा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा.

मिस्टरांचा प्रश्न मला रागाचा वाटला नाही. 'माझ्याशी बोल की' म्हणणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही. त्यांना सांगा, तुमच्याशी बोलणं मी थांबवणार नाहीच. पण तुम्ही मला घाबरलेली बघू शकत नाही, म्हणून 'जाऊ दे, कॅब कर' म्हणता, प्रेमाने म्हणता, आणि त्यानेच माझी भीती वाढते. मला अशा कुणाची गरज आहे जी व्यक्ती मला घाबरू देईल आणि तरी गाडीतून उतरू देणार नाही. नुसत्या बोलण्याने काय होतं याची शंका असेल तर गोव्याचं उदाहरण द्या. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून नैराश्याच्या पेशंट्सना सहा ते आठ सेशन्स दिले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा या लोकांना अधिक बरं वाटलं. ठरवून, शिकून, पायरीने केलेल्या बोलण्याची ती ताकद आहे. आणि हिशोबच करायचा तर महिन्याच्या कॅबचे पैसे आणि चार सेशन्सचे पैसे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

कपल थेरपीवर खूण करायची गरज नाही, तुमचं नातं बिघडलेलं नाही. पण तिसऱ्या-चौथ्या सेशनला त्यांना बरोबर घेऊन जाण्याबद्दल थेरपिस्टला विचारा. अटॅकच्या वेळी काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे त्यांना तिथे शिकवतील. घरच्यांनी 'काही होत नाही गं' म्हणणं थांबवून 'ओसरेल, मी आहे' एवढंच म्हणायला शिकलं तरी मोठी मदत होते. आणि घरात कुणी मीठ-मोहरीने दृष्ट काढली तर काढू द्या, तीही काळजीच आहे. सेशनची तारीख मात्र त्यासाठी चुकवू नका.

चार सेशन्स झाल्यावर मला परत लिहा. काय बदललं ते लिहा, नाही बदललं तर तेही लिहा.

तुमची,
ताई